नाताळचं लाल झाड : टास्कोच्या डोंगरातून आपल्या अंगणात



डिसेंबर उजाडला की शहराच्या वेशीवरच्या रोपवाटिकांपुढे लालभडक पानांच्या कुंड्या ओळीने मांडलेल्या दिसतात. वसई भागात आणि गोव्यात नाताळच्या सजावटीत हे झाड असतंच. पुण्या-मुंबईच्या दुकानांत, हॉटेलांत, कचेऱ्यांत महिनाभर त्याचाच थाट. नाव पॉइनसेटिया. जुन्या बंगल्यांच्या आणि सरकारी विश्रामगृहांच्या आवारात हेच झाड पुरुषभर उंच वाढलेलं तुम्ही पाहिलं असेल. नाव मात्र कुणी विचारलं नसेल.

या झाडाबद्दल दोन प्रश्न नेहमी विचारले जातात. विकत आणलेल्या कुंडीची पानं पंधरा दिवसांत का गळतात, हा पहिला. आणि पहिल्या वर्षी लाल असलेलं झाड पुढच्या थंडीत हिरवंच का राहतं, हा दुसरा. ‘अमुक खत घाला, तमुक औषध मारा’ असं सांगून या प्रश्नांची उत्तरं देता येत नाहीत. झाड कुठून आलं, कुणी आणलं, त्याचं काय काय केलं, ही हकिगत समजली तर उत्तरं आपोआप हाती येतात. म्हणून आजच्या पत्रकात आधी इतिहास आणि मग मशागत.

आपल्याच भाऊबंदांपैकी

पॉइनसेटियाची फांदी मोडली की पांढरा चीक येतो. चीक पाहून शेतकऱ्याला कुळ ओळखता यावं. कुंपणाला लावतात तो शेर, तीन धारी निवडुंग, पावसाळ्यात बांधावर उगवणारी दुधी, हे सगळे त्याचे सख्खे भाऊ. एरंड आणि साबुदाण्याचा कसावा हे जरा लांबचे, पण त्याच घराण्यातले.

दुसरी गोष्ट अशी की त्याचं लाल दिसतं ते फूल नव्हेच. ती पानं आहेत. बोगनवेलीचंही असंच असतं. रंगीत दिसतात ती पानं आणि खरं फूल आत बारीक. पॉइनसेटियाच्या शेंड्याला लाल पानांच्या मधोमध पिवळसर हिरव्या गुंड्या दिसतात, ती त्याची फुलं. कुंडी विकत घेताना या गुंड्यांकडे पाहावं. त्या घट्ट मिटलेल्या असतील तर झाड ताजं आहे. त्या गळून नुसती लाल पानं उरली असतील तर बहर संपत आलेला आहे, मग दुकानदार काहीही सांगो.

टास्को आणि पुणे

या झाडाचं माहेर मेक्सिको देश. तिथल्या पश्चिम किनाऱ्याकडच्या डोंगरउतारांवर, पानझडीच्या रानात ते आजही रानटी वाढतं. दक्षिणेला ग्वाटेमालापर्यंत त्याची वस्ती आहे. रानात ते दहा-बारा फूट उंच, किरकोळ फांद्यांचं, जरा ओबडधोबडच दिसतं. कुंडीतलं गुबगुबीत झाड पाहिलेल्या माणसाला ते ओळखूसुद्धा यायचं नाही.

मेक्सिकोचे मूळ रहिवासी, ज्यांना आपण अझटेक म्हणतो, ते आपल्या नाहुआट्ल भाषेत त्याला क्वेत्लाशोचित्ल म्हणत. त्याच्या लाल पानांपासून ते रंग काढीत आणि चिकाचा उपयोग औषधात करीत, असं सांगतात. सोळाव्या शतकात स्पेनच्या लोकांनी तो मुलूख जिंकला, त्यांच्यामागून ख्रिस्ती धर्मोपदेशक आले. त्यांच्या ध्यानात आलं की हे झाड बरोबर नाताळच्या सुमाराला लाल होतं. सतराव्या शतकात टास्को गावाच्या आसपास फ्रान्सिस्कन पंथाचे साधू येशूजन्माच्या देखाव्याला ही पानं वाहू लागले, असा इतिहास सांगितला जातो. तेव्हापासून मेक्सिकोत त्याचं नाव ‘नोचेबुएना’ पडलं. नोचेबुएना म्हणजे मंगल रात्र, २४ डिसेंबरची रात्र. एका गरीब मुलीची कथाही तिथं घरोघरी सांगतात. तिच्याकडे वाहायला काही नव्हतं, म्हणून तिने रस्त्याकडेचं रानगवत वेदीपाशी ठेवलं आणि त्याचीच ही लाल फुलं झाली. आपल्याकडे सोनं म्हणून आपट्याची पानं वाटतात, त्यामागच्या कथेची आठवण व्हावी अशीच ही कथा.

आता एक गंमत पाहा. नकाशावर टास्को गाव उत्तर अक्षांश साडेअठरा अंशांवर आहे. आपलं पुणेही साडेअठरा अंशांवरच! पृथ्वीच्या पाठीवर दोन गावं एकमेकांपासून हजारो मैल दूर, पण दिवस-रात्रीचं मान एकच. तिथला पाऊसही साधारण आपल्यासारखाच, जून ते ऑक्टोबर. पुढं कोरडी थंडी. म्हणजे हे झाड परदेशी खरं, पण महाराष्ट्राच्या पंचांगात ते चपखल बसतं. लंडनला किंवा न्यूयॉर्कला ते काचघराशिवाय थंडी काढू शकत नाही. आपल्याकडे ते बंगल्याच्या आवारात कुणी पाणी न घालताही डिसेंबरात लाल होतं. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढं कामाला येणार आहे.

नाव कुणाचं?

मग त्याचं नाव पॉइनसेटिया कसं पडलं? १८२५ साली अमेरिकेने मेक्सिकोत आपला पहिला राजदूत नेमला, जोएल रॉबर्ट्स पॉइन्सेट. साऊथ कॅरोलिना राज्यातला हा गृहस्थ वैद्यकी शिकलेला आणि झाडापेडांचा शौकीन. त्याने मेक्सिकोतून हे झाड अमेरिकेला धाडलं. जून १८२९ मध्ये फिलाडेल्फिया शहरात पेनसिल्व्हेनियाच्या बागाईत मंडळाचं पहिलं पुष्पप्रदर्शन भरलं, त्यात ते लोकांपुढे मांडलं गेलं. तिथल्या रॉबर्ट ब्युइस्ट नावाच्या रोपवाटिकावाल्याने ते मायदेशी स्कॉटलंडला नेलं. १८३४ साली जर्मन शास्त्रज्ञांनी त्याचं शास्त्रीय नाव छापलं, युफोर्बिया पुल्चेरिमा. पुल्चेरिमा म्हणजे सर्वांत देखणी. (आपला शंकासुर, त्याच्याही शास्त्रीय नावात हाच शब्द आहे.) दोनच वर्षांनी, १८३६ मध्ये, एडिंबरोच्या रॉबर्ट ग्रॅहमने पॉइन्सेटच्या मानासाठी त्याला पॉइनसेटिया म्हटलं. शास्त्राने ते नाव पुढं बाजूला ठेवलं, बाजाराने मात्र उचललं.

हा पॉइन्सेट मेक्सिकोच्या लोकांना मुळीच आवडला नव्हता. परक्या देशाच्या राजकारणात तो इतका ढवळाढवळ करी की मेक्सिकोने त्याला परत बोलवा म्हणून मागणी केली. नाक खुपसणाऱ्या वागणुकीला तिथं ‘पॉइन्सेटिस्मो’ असा शब्दच पडला. पुढं १८३७ ते १८४१ तो अमेरिकेचा युद्धमंत्री होता. त्याच काळात तिथल्या आदिवासींना सैन्याच्या पहाऱ्यात त्यांच्या जमिनीवरून हुसकून शेकडो मैल चालवत नेलं गेलं. त्याच्या स्वतःच्या पदरी गुलामही होते. १२ डिसेंबर १८५१ ला तो वारला. ती तारीख अमेरिकेत आता या झाडाचा दिवस म्हणून पाळली जाते. मेक्सिकोतली पोरंटोरं मात्र अजून नोचेबुएनाच म्हणतात. माझ्या मते नाव तेच शोभतं, पण रोपवाटिकेत मागायला गेलात तर पॉइनसेटिया म्हणावं लागेल, त्याला इलाज नाही.

रस्त्याकडेच्या टपरीपासून टेलिव्हिजनपर्यंत

शंभर एक वर्षं हे झाड श्रीमंतांच्या काचघरांत राहिलं. कारण साधं होतं. ते घरात टिकत नसे. काचघरातून उचलून दिवाणखान्यात ठेवलं की पानं खाली आणि पाच-सहा दिवसांत नुसती काडी उभी.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आल्बर्ट एके नावाचा जर्मनीतून आलेला शेतकरी कॅलिफोर्नियात, लॉस एंजेलिसजवळ, शेती करीत होता. तिथली थंडी सौम्य, त्यामुळे पॉइनसेटिया उघड्या रानात वाढे. एके कुटुंब त्याच्या लाल फांद्या तोडून नाताळात रस्त्याच्या कडेला टपरी मांडून विकू लागलं. आपल्याकडे दसऱ्याला झेंडूचे ढीग घेऊन बसतात, अगदी तसं. मुलगा पॉल याच्या काळात शहर वाढलं, जमिनीला भाव आला, आणि १९२३ मध्ये त्यांनी दक्षिणेला एन्सिनिटास गावी बस्तान हलवलं. तिथं मातृझाडांची शेतंच्या शेतं उभी राहिली. दर वसंतात ही झाडं उकरून, बांधून, रेल्वेच्या डब्यांतून देशभरच्या रोपवाटिकांना जात. १९६० नंतरच्या दशकात मातृझाडं काचघरात आली, आणि मुळासकट झाडाऐवजी नुसती फाटेकलमं विमानाने जाऊ लागली. वजन कमी, नासाडी कमी, गिऱ्हाईक दूरचं.

कुंडीत टिकणारी जात मिळेपर्यंत मात्र हा धंदा खऱ्या अर्थाने वाढला नाही. १९२३ च्या सुमाराला ‘ओक लीफ’ नावाची जात आली, ती कुंडीत बरी चाले. १९६३ मध्ये अमेरिकेतल्या ओहायो राज्यात मिकेल्सन यांनी काढलेली ‘पॉल मिकेल्सन’ ही जात आली. तिचा दांडा ताठ आणि पानं आठवडेच्या आठवडे धरून ठेवणारी. १९६४ मध्ये नॉर्वेच्या थोरमोड हेग यांना ‘ॲनेट हेग’ सापडली. तिला शेंडा खुडला की भराभर फांद्या फुटत. जो दोष शंभर वर्षं सोसला, तो या दोन जातींनी घालवला. म्हणून आजही पानं गळण्याची तक्रार येते तेव्हा आधी जात कुठली ते विचारावं. बंगल्याच्या आवारातल्या जुन्या झाडाची कलमं दिवाणखान्यात टिकणार नाहीत. ती अंगणातच शोभतात.

एके कुटुंबातल्या पुढच्या पिढीतल्या पॉलने (बापाचं नाव पॉल, मुलाचंही पॉल) जाहिरातीची एक युक्ती केली. नाताळच्या सुमारास चालणाऱ्या टेलिव्हिजनच्या कार्यक्रमांना तो फुकट कुंड्या पाठवी, म्हणजे पडद्यामागची सजावट त्याच्याच झाडांची. मासिकांचे नाताळ अंक उन्हाळ्यातच तयार होतात, हे ओळखून त्याने उन्हाळ्यात बहरलेली झाडं तयार केली आणि छायाचित्रांसाठी दिली. उन्हाळ्यात झाड लाल कसं करायचं, ते पुढं येतंच.

घराण्याचं गुपित

आता या हकिगतीतला सर्वांत रंजक भाग. एके यांच्या कुंड्या इतर कुणाहीपेक्षा दाट, गोल, भरगच्च असत. शेजारच्या माणसाने तीच जात लावली तरी त्याचं झाड दोन-तीन फांद्यांचं आणि लांबुडकं. खत तेच, माती तीच. अनेक वर्षं हे गुपित घराण्याबाहेर गेलं नाही, आणि तोवर अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या बहुतेक कुंड्यांचं मूळ याच एका शेतात होतं.

गुपित होतं कलमाचं. एका दाट फुटणाऱ्या झाडावर दुसऱ्या सरळसोट जातीचं कलम बांधायचं. कलम जगलं की सरळसोट जातही दाट फुटू लागते, आणि तिची पुढची फाटेकलमंही दाटच निघतात. हा प्रकार विद्यापीठातल्या एका संशोधकाने स्वतः शोधून छापला, तेव्हा सगळ्यांनाच तो उमगला. पण असं का होतं? १९९७ साली त्याचंही उत्तर आलं. अमेरिकेच्या शेती खात्यातल्या शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं की दाट फुटवा हा त्या जातीचा गुण नव्हताच, तो रोग होता! झाडाच्या रसवाहिनीत राहणारा फायटोप्लाझ्मा नावाचा अतिसूक्ष्म जीव, कलमाच्या जोडातून एका झाडातून दुसऱ्यात जाणारा.

वांगी लावणाऱ्याला फायटोप्लाझ्मा चांगलाच ठाऊक आहे, फक्त नाव वेगळं. वांग्याचा बोकड्या म्हणजेच पर्णगुच्छ, पानं बारीक होऊन झाडाचा झुडपा होतो आणि फळ धरत नाही, तो याच जातीच्या जीवामुळे. तिळाचा पर्णगुच्छही तसाच. तिथं तुडतुडे तो पसरवतात आणि आपण झाड उपटून जाळतो. पॉइनसेटियात तोच प्रकार शोभा वाढवतो, म्हणून माणसाने जपून ठेवला. वांग्याचं नुकसान ते कुंडीचं भांडवल! शेतीच्या इतिहासात यासारखा विनोद दुसरा क्वचितच सापडेल.

गुपित फुटल्यावर मात्र एके यांचं राज्य डळमळलं. युरोपातले मोठे रोपवाटिकावाले स्वस्त मजुरीच्या देशांत कलमं करून बाजारात उतरले. एके यांनीही कलमांचं काम ग्वाटेमालात नेलं. २०१२ मध्ये कंपनी बाहेरच्यांना विकली गेली.

मेक्सिकोचं काय झालं, तेही सांगायला हवं. अमेरिकेत १९३० सालीच असा कायदा झाला की फाटेकलमाने वाढणाऱ्या नव्या जातीचा एकाधिकार ती काढणाऱ्याला मिळावा. पॉइनसेटियाच्या नव्या जाती या कायद्याखाली नोंदल्या गेल्या. आज मेक्सिकोतले कितीतरी बागाईतदार आपल्याच देशाच्या झाडाच्या परदेशी जाती रॉयल्टी भरून लावतात. झाड त्यांच्या डोंगरातलं, आणि कलमाचे पैसे बाहेर. रानातल्या झाडाचा मोबदला त्या डोंगरातल्या लोकांना कधीच मिळाला नाही. आपल्याकडे २००१ च्या पीकवाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्यात शेतकऱ्याला आपल्या शेतातलं बियाणं राखायला, पुन्हा पेरायला, देवाणघेवाण करायला आणि (ब्रँडचा शिक्का न लावता) विकायला मोकळीक ठेवली आहे. पण रोपवाटिकेतून नोंदलेल्या परदेशी जातीची रोपं धंद्यासाठी आणणार असाल, तर कलमं करण्याची मुभा आहे की नाही, ते पावती घेतानाच विचारून घ्या. जुन्या आवारातल्या झाडाला असा काही पाश नाही.

दिव्याखालचं सोयाबीन

आता दुसऱ्या प्रश्नाकडे येऊ. झाड हिरवंच का राहतं?

१९१८ च्या उन्हाळ्यात अमेरिकेच्या शेती खात्यात गार्नर आणि अलार्ड हे दोघे एका कोड्याने हैराण झाले होते. ‘मेरीलँड मॅमथ’ नावाची तंबाखूची एक जात उन्हाळाभर नुसती पानं देई, माणसापेक्षा उंच वाढे, पण फूल म्हणून धरीत नसे. सोयाबीनचंही असंच. पंधरा-पंधरा दिवसांच्या अंतराने पेरलं तरी सगळं एकाच सुमाराला फुलायचं. त्यांनी खत पाहिलं, ओल पाहिली, उष्णता पाहिली. शेवटी एक अंधारी खोपटी बांधून दुपारी चारला कुंड्या आत आणि सकाळी नऊला बाहेर, असं सुरू केलं. तंबाखू भर उन्हाळ्यात फुलला! झाडं दिवसाची लांबी मोजतात, हा शोध त्यांनी १९२० साली छापला.

पुढं १९३८ मध्ये हॅमनर आणि बॉनर या दोघांनी आणखी खोलात जाऊन पाहिलं, आणि तेही कशावर? आपल्या बांधावर अंगाला चिकटणाऱ्या काटेरी फळांचं जे तण वाढतं, ज्याला कुणी गोखरू तर कुणी शंकेश्वर म्हणतं, त्याच्यावर. त्यांना दिसलं की झाड खरं तर दिवस नव्हे, रात्र मोजतं. आणि रात्र अखंड लागते. मध्येच थोडा वेळ दिवा लावला की झाडाच्या लेखी ती रात्र मोडली, फूल नाही.

सोयाबीन पेरणाऱ्यांनी हे डोळ्यांनी पाहिलेलं आहे. रस्त्याच्या दिव्याखालचा सोयाबीनचा तुकडा बाकीचं रान पिवळं पडलं तरी हिरवागार उभा असतो. शेवंतीचंही तसंच. ती थंडीत फुलते, पण त्यात थंडीपेक्षा लांब रात्रीचा वाटा मोठा. म्हणूनच शेवंतीचे बागाईतदार आता शेतात रात्री दिवे लावून फूल लांबवतात आणि भाव पाहून दिवे बंद करतात.

पॉइनसेटिया याच पंगतीतला. रात्र पावणेबारा-बारा तासांच्या पुढं जाऊ लागली की तो शेंड्यात फुलाची तयारी करतो, आणि तिथून आठ ते दहा आठवड्यांनी पुरता लाल होतो. पुण्याच्या अक्षांशावर जूनअखेर दिवस सव्वातेरा तासांचा असतो, डिसेंबरअखेर अकरा तासांचा. सप्टेंबर संपता संपता हवी तेवढी रात्र मिळू लागते. तिथून दहा आठवडे मोजा, डिसेंबर येतो. टास्कोतही हाच हिशेब, म्हणून तिथं ते नोचेबुएना झालं. एके यांनी उन्हाळ्यात झाड लाल केलं तेही काळं कापड घालून, रात्र लांबवून.

मग तुमच्या अंगणातलं झाड हिरवं का? ओसरीवरचा बल्ब, रस्त्यावरचा दिवा किंवा गोठ्यातला रात्रभर जळणारा दिवा पाहा. कुंडी त्याच्या उजेडात असेल तर झाडाला रात्र झालेलीच कळत नाही.

थंडीतली काळजी

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यापासून कुंडी अशा जागी न्या जिथं दिवसा भरपूर ऊन आणि रात्री पूर्ण काळोख असेल. अशी जागा नसेल तर संध्याकाळी पाचला कुंडीवर मोठं खोकं किंवा जाड काळं कापड घाला आणि सकाळी सातला काढा. आठ आठवडे एकही दिवस चुकवू नका. कापड काढलं की झाड उन्हात ठेवलंच पाहिजे, नाहीतर पानं पिवळी पडतील.

रात्री फार उकाडा असेल तर रंग उशिरा येतो, म्हणून किनारपट्टीला घाटमाथ्यापेक्षा थोडी वाट पाहावी लागते. उलट निफाडसारख्या कडाक्याच्या थंडीच्या भागात पारा १० अंशांखाली जाऊ लागला की कुंडी रात्री ओसरीत किंवा घरात घ्या. थंड वारं सोसलेलं झाड दुसऱ्याच दिवशी पानं टाकतं.

पाण्याच्या बाबतीत हे झाड जितकं पाण्यावाचून मरतं, त्याहून जास्त पाण्याने मरतं. बोट पेरभर मातीत घालून पाहावं, कोरडं लागलं तरच पाणी. नाताळच्या कुंडीला दुकानदार चकचकीत कागद गुंडाळतात, त्यात पाणी साचून मुळं कुजतात. घरी आणल्याबरोबर तो कागद काढा, निदान त्याला खाली भोकं पाडा. झाड लाल झाल्यावर खताची गरज नाही. पांढरी माशी आणि पिठ्या ढेकूण पानांच्या खालच्या बाजूला बसतात. पान उलटून पाहण्याची सवय ठेवा. थोडे असतील तर ओल्या फडक्याने पुसा, जास्त असतील तर पाच टक्के निंबोळी अर्क फवारा. फवारा लाल पानांवर पडू देऊ नये, डाग राहतात.

फेब्रुवारी-मार्चला रंग उतरला की झाड जमिनीपासून वीतभर ठेवून छाटा आणि पाणी कमी करा. निघालेल्या जून फांद्यांची वीतभर लांबीची फाटेकलमं, चीक वाळू देऊन, वाळूमिश्रित मातीत सावलीला लावता येतात. कोवळ्या शेंड्यांची कलमं पावसाळ्याच्या तोंडाशी करावीत. जूनमध्ये कुंडी बदला. माती, कुजलेलं शेणखत आणि वाळू असं निचऱ्याचं मिश्रण घ्या. फुटवे वाढले की शेंडे खुडत राहा, पण ऑगस्टअखेर खुडणं थांबवा. त्यानंतर खुडलेला शेंडा नाताळाला लाल होत नाही.

विषाची गोष्ट

हे झाड विषारी आहे, पोरं मरतात, असं पुष्कळ जण म्हणतात. त्या समजुतीचा उगम १९१९ सालच्या हवाई बेटांवरच्या एका बातमीत आहे. एका लष्करी अधिकाऱ्याचं मूल याचं पान खाऊन गेलं, अशी ती बातमी. ती कधीच सिद्ध झाली नाही. १९९६ साली अमेरिकेत विषबाधा केंद्रांकडच्या २२,७९३ नोंदी तपासल्या गेल्या, त्यांत एकही मृत्यू नव्हता. तरीसुद्धा चीक तो चीक. शेराइतका जहाल नसला तरी डोळ्यांत गेला तर आग होते, नाजूक कातडीला खाज सुटते, पोटात गेल्यास मळमळतं. छाटणीनंतर हात साबणाने धुवा, आणि छाटलेल्या फांद्या शेळ्यांपुढे टाकू नका.

विक्रीचा विचार असेल तर

याचा बाजार जेमतेम पाच-सहा आठवड्यांचा. २५ डिसेंबर उलटला की कुंडीला कुणी विचारत नाही, हे आधीच गृहीत धरा. म्हणून एकदम शेकड्याने न करता पहिल्या वर्षी पन्नास-साठ कुंड्या करून पाहाव्यात आणि गिऱ्हाईक आधी ठरवून ठेवावं. जवळची चर्चवस्ती, शहरातली रोपवाटिका, एखादं हॉटेल. कुंडीवर सावलीची जाळी असली तरी आसपास रात्रीचा दिवा नको. वाहतुकीला प्रत्येक झाड कागदाच्या नळकांड्यात घाला, फांद्या ठिसूळ असतात. पण पोचल्यावर लगेच काढा, गुंडाळलेलं झाड दोन-तीन दिवसांत पानं मुरडतं. आणि टेंपोत पिकणारी केळी किंवा आंबूस-पिकलेली फळं असतील तर कुंड्या त्यांच्याबरोबर चढवू नका. पिकणाऱ्या फळांतून निघणाऱ्या वायूने पानं लोंबतात आणि गळतात, आणि गिऱ्हाईकाला वाटतं माल शिळा आहे.